घर राखण्याची विद्या

उत्तरेस पैनगंगा, दक्षिणेस गोदावरी आणि पूर्वेस प्राणहिता अशा तीन नद्यांच्या कवेत पसरलेल्या आदिलाबादच्या मुलखात, उटनूरच्या डोंगराळ प्रदेशात, नार्नूर हे गाव आहे. डोंगर ओलांडला की चंद्रपूर जिल्ह्यातील जिवती तालुका लागतो. गोंडी, कोलामी, बंजारा, मराठी आणि तेलुगू या पाचही भाषा या भागात कानी पडतात आणि एकाच माणसाच्या तोंडी त्यांपैकी दोन-तीन सहज नांदतात. निजामाच्या अमदानीत 1905 साली आदिलाबादला स्वतंत्र जिल्ह्याचे रूप आले. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत याच जिल्ह्याचे राजुरा आणि किनवट हे तालुके मराठी मुलखात गेले, उटनूर आंध्र प्रदेशात राहिले आणि 2014 पासून ते तेलंगणात आहे. दफ्तराची भाषा उर्दू होती, ती तेलुगू झाली. परंतु घरातली व बाजारातली मराठी या भागातून गेली नाही, आणि आदिलाबाद जिल्ह्यात मराठी माध्यमाचे वर्ग आजही भरतात.

माध्यमिक शाळेने मुलांना घर चालवण्याची आणि व्यवहार करण्याची विद्या शिकवावी काय, शिकवायची तर कोणाला, आणि त्या विद्येत नेमके काय असावे, हा प्रश्न महाराष्ट्रात शंभरांहून अधिक वर्षे चर्चिला गेला आहे. त्या चर्चेचा इतिहास आपण बहुधा पुण्या-मुंबईच्या संस्थांपासून आरंभितो आणि तेथेच संपवितो. परंतु घर ही वस्तू कशाने उभी राहते आणि कशाने कोसळते, याचा विचार जितक्या तीव्रतेने नार्नूरच्या आसमंतात करावा लागला, तितका नगरांतील मध्यमवर्गास क्वचितच करावा लागला असेल. आणि म्हणून या विषयाचा इतिहास नार्नूरकडे तोंड करून पुन्हा एकदा सांगणे मला अगत्याचे वाटते.

पुण्यात 1884 साली मुलींच्या हायस्कुलाची, म्हणजे पुढे हुजूरपागा या नावाने प्रसिद्धी पावलेल्या शाळेची, स्थापना झाली, तेव्हाच या वादास तोंड फुटले. मुलींनी मुलांप्रमाणे दिवसभर शाळेत बसावे आणि इंग्रजीसह सर्व विषयांचा अभ्यास करावा, ही कल्पना ‘केसरी’ व ‘मराठा’ या पत्रांना मान्य नव्हती. गृहकृत्यांना अवकाश राहील इतकाच वेळ मुलीने शाळेस द्यावा आणि तेथे तिला संसारास उपयुक्त असेच शिकवावे, असा त्यांचा आग्रह होता. उलट समाजसुधारक आगरकरांनी स्त्रीपुरुषांस एकच शिक्षण द्यावे आणि तेही एकत्र द्यावे, हे मत निःसंदिग्धपणे मांडले. या वादात गृहशिक्षण हे प्रथमतः ज्ञानाचा एक विभाग म्हणून पुढे आले नाही. मुलीच्या ज्ञानाची सीमा कोठे आखावी हे सांगण्यासाठी ते पुढे आले, आणि जन्माबरोबर चिकटलेला हा दोष त्या विषयास पुढे दीर्घकाळ बाधला.

तथापि सीमा आखणाऱ्यांनी जे साधन उचलले, तेच साधन स्त्रियांच्या हितकर्त्यांनी हाती घेऊन त्याचा निराळाच उपयोग केला, हेही न्यायबुद्धीने नमूद केले पाहिजे. रमाबाई रानडे यांनी 1909 साली पुण्यात सेवासदन स्थापिले, तेव्हा तेथील शिवण, पाकक्रिया, प्रथमोपचार आणि पुढे रुग्णपरिचर्या हे वर्ग प्रौढ व निराधार स्त्रीला स्वतःच्या पायावर उभे करण्यासाठी होते. धोंडो केशव कर्वे यांनी 1896 साली अनाथ बालिकाश्रम व 1907 साली महिला विद्यालय काढले; जपानातील महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका त्यांच्या वाचनात आली आणि 1915 च्या डिसेंबरात मुंबईस भरलेल्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी भारतीय स्त्रियांसाठी स्वतंत्र विद्यापीठाची कल्पना मांडली. दुसऱ्याच वर्षी, 1916 मध्ये, ते विद्यापीठ हिंगण्यास सुरू झाले. मातृभाषा हे त्याचे माध्यम होते. आरोग्य आणि गृहजीवनशास्त्र यांना अभ्यासक्रमात मानाचे स्थान होते. गणितासारखे विषय ऐच्छिक ठेविले होते. या योजनेत जुन्या मताला दिलेली सवलत होती, हे खरे. परंतु ज्या काळी मुलीस उच्च शिक्षणाचा दरवाजाच बंद होता, त्या काळी गृहजीवनशास्त्राच्या नावाने तो दरवाजा किलकिला झाला आणि त्यातून शेकडो स्त्रिया आत शिरल्या, हेही तितकेच खरे.

परदेशातही याच सुमारास या विद्येची घडण चालू होती. अमेरिकेत एलन रिचर्ड्‌स या रसायनशास्त्रज्ञ स्त्रीने, जिने पाण्याच्या शुद्धतेच्या परीक्षणात मोलाचे काम केले होते, 1899 साली लेक प्लॅसिड येथे भरलेल्या परिषदेत घराच्या व्यवस्थेस शास्त्राचे अधिष्ठान द्यावे असा प्रयत्न आरंभिला. अन्नातील भेसळ, सांडपाण्याचा निचरा, घरातील हवा आणि मिळकतीचा हिशेब हे तिच्या दृष्टीने एकाच विद्येचे विषय होते. पुढे 1917 च्या कायद्याने तेथील माध्यमिक शाळांतील या शिक्षणास सरकारी द्रव्य मिळू लागले. मूळ कल्पना प्रयोगशाळेतील विज्ञान घरात आणण्याची होती; शाळांच्या हाती आल्यावर मात्र बहुतेक ठिकाणी तिचे पर्यवसान मुलींच्या शिवणकामात आणि स्वयंपाकात झाले.

परंतु महाराष्ट्रात व्यवहारोपयोगी शिक्षणाची आणखी एक धारा होती, आणि तिचा उगम मुलींच्या शाळेच्या वादाहून जुना आहे. 1882 साली हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन करताना जोतीराव फुले यांनी प्राथमिक शाळेचा जो अभ्यासक्रम सुचविला, त्यात मोडी आणि बालबोध या लिपींचे लेखनवाचन, हिशेब, इतिहास-भूगोल-व्याकरणाची तोंडओळख, शेतीचे प्राथमिक ज्ञान, आणि नीती व आरोग्य यांवरील काही पाठ होते. शाळेला जोडून लहानसे नमुन्याचे शेत असावे, असेही त्यांनी म्हटले होते. या यादीत मोडीला जे स्थान आहे त्याचा अर्थ आज ध्यानी येत नाही. सावकाराचे खत, गहाणपत्र, कुलकर्ण्याचे दफ्तर आणि जमाबंदीचा कागद हे सारे मोडीत असे. ज्या कुणब्याला ती लिपी येत नसे, त्याने अंगठा कशावर उठवला हे त्याला त्याचे शेत गेल्यावरच कळे. मुलाला मोडी शिकवा म्हणणारे जोतीराव त्याच्या घराचे रक्षण कसे व्हावे हेच सांगत होते. घर राखण्याच्या विद्येचा चुलीपलीकडचा, परंतु चुलीस आधारभूत असा भाग येथे प्रथम स्पष्टपणे मांडला गेला.

हीच गोष्ट साठ वर्षांनी नार्नूरच्या डोंगरांत किती अक्षरशः खरी ठरली, ते आता पाहावयाचे आहे.

आदिलाबादच्या डोंगराळ भागात राजगोंडांची वस्ती पुरातन. एका ठिकाणची जमीन काही वर्षे कसावी, मग ती पडीक ठेवून दुसरीकडे जावे, आणि काही काळाने पुन्हा जुन्या शेतावर यावे, अशी तेथील शेतीची रीत होती. विसाव्या शतकाच्या आरंभी दोन गोष्टी एकदम घडल्या. एकीकडे सरकारने राखीव जंगलाच्या हद्दी आखल्या, त्या आखताना पडीक म्हणून दिसणारी गोंडांची शेते जंगलात गेली. दुसरीकडे सडका व आगगाडी यांच्या मागोमाग बाहेरून, मराठी मुलखातून आणि तेलंगणातून, शेतकरी, व्यापारी व सावकार आले. गोंडांची पुष्कळ जमीन सरकारी दफ्तरात ‘सिवाय जमाबंदी’ या सदराखाली असे. म्हणजे कसणारा सारा भरी, पण त्याच्या नावाचा पट्टा नसे आणि म्हणून त्याचा हक्कही कायम नसे. पट्टा म्हणजे काय, तो कोणत्या अर्जाने मिळतो, पावतीवर कोणाचे नाव लिहिले आहे, हे जाणणारा नवागत पटवाऱ्याच्या दफ्तरात आपले नाव चढवून घेई. आणि ज्याच्या आजाने ते रान मोडून शेत केले, तो त्याच शेतावर दुसऱ्याचा कूळ किंवा सालदार होई. या दुःस्थितीचा स्फोट कुमराम भीम या गोंड तरुणाच्या नेतृत्वाखाली बाबेझरी व जोडेघाटच्या परिसरात झाला, आणि 1940 साली निजामाच्या पोलिसांशी झालेल्या चकमकीत भीम मारला गेला.

त्यानंतर सरकारला या प्रजेची स्थिती समजावून घेण्याची निकड भासली. दुसऱ्या महायुद्धामुळे हैदराबाद संस्थानात राहिलेले ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी पत्नी बेटी एलिझाबेथ यांच्यासह नार्नूरच्या जवळच असलेल्या मार्लवाई या गोंड गावात मुक्काम केला, गोंडी आत्मसात केली, आणि 1943 साली त्यांच्या पुढाकाराने तेथे गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण केंद्र उभे राहिले. ज्या गोंड तरुणांना थोडेफार मराठी अक्षरज्ञान होते, त्यांना निवडून आधी शिक्षक करावे. मुलांना प्रथम त्यांच्या स्वतःच्या भाषेतूनच शिकवावे. आणि गोंडीची पहिली पुस्तके देवनागरीत छापावी, अशी योजना ठरली. संस्थानाची राज्यभाषा उर्दू होती. तथापि ज्या लिपीशी या लोकांचा बाजारात व शेजारात आधीच परिचय होता, ती त्यांच्या शाळेसाठी स्वीकारली गेली. मार्लवाईतून निघालेली ही माणसे गावोगावच्या शाळांत शिक्षक झाली. काही पटवारी झाली, काही कचेरीत कारकून, काही जंगल खात्यात रखवालदार झाली. ज्या कचेरीत आजवर गोंडाच्या नावाची नोंद दुसऱ्याच्या लेखणीने होत असे, त्या कचेरीत गोंडाची लेखणी पोहोचली.

शाळेबरोबरच जमिनीचे काम चालले, आणि ही दोन कामे एकमेकांपासून निराळी करता येत नाहीत. ‘लावणी खास’ या नियमांन्वये पट्टे देण्यास आरंभ झाला आणि 1949 पर्यंत सुमारे 1,60,000 एकर जमीन अकरा हजारांहून अधिक आदिवासी खातेदारांच्या नावे झाली. केस्लापूरच्या नागोबाच्या जत्रेत अधिकाऱ्यांनी लोकांच्या तक्रारी ऐकाव्यात, असा दरबार भरविण्याचा प्रघात याच काळात पडला आणि तो अद्याप चालू आहे. हैदराबाद संस्थानच्या मुलकी सेवेतील आणि पुढे इतिहासकार म्हणून महाराष्ट्रास परिचित झालेले सेतुमाधवराव पगडी यांनीही गोंडी व कोलामी या भाषा शिकून त्यांची व्याकरणे लिहिली आणि 1949 साली आदिलाबादच्या गोंडांवर पुस्तक प्रसिद्ध केले. मराठी सुशिक्षिताने या डोंगरांकडे आदराने पाहिल्याचे ते एक सन्मान्य उदाहरण होय.

मार्लवाईच्या शाळेला कोणी गृहशास्त्राची शाळा म्हटले नाही. परंतु घर राखण्याची विद्या ती हीच, असे मी मानतो. गोंड स्त्रीला ज्वारीचा कण्या-घाटा करावा कसा, मोहफुले वाळवून साठवावी कशी, कोणत्या कंदाची कटुता किती पाण्याने जाते, हे शिकवण्यास कोणा निरीक्षिकेची गरज नव्हती; ते तिला आईकडून व सासूकडून मिळाले होते. तिचे घर बुडाले ते स्वयंपाकाच्या अज्ञानाने बुडाले नाही. ते एका कागदाने बुडाले, आणि तो कागद वाचणारे त्या घरात कोणी नव्हते. म्हणून ज्या शाळेने त्या घरातील मुलाला कागद वाचावयास शिकविले, तिने त्या चुलीखालची भूमीच सुरक्षित केली. घरातले ज्ञान कोणते आधीच समृद्ध आहे आणि कोणत्या ज्ञानावाचून ते घर आज संकटात आहे, हे पाहून शाळेने शिकवावे, हा दंडक या इतिहासातून निघतो.

नार्नूरपासून फार दूर नसलेल्या वर्ध्यास याच काळात दुसरा एक मोठा प्रयोग चालला होता. 22 व 23 ऑक्टोबर 1937 रोजी गांधीजींच्या अध्यक्षतेखाली तेथे शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने मूलोद्योगी शिक्षणाचा आराखडा सिद्ध केला. सूतकताई, शेती यांसारख्या उद्योगाच्या द्वारे सर्व विषय शिकवावे, ही त्यामागील कल्पना. आशादेवी व आर्यनायकम् या दांपत्याच्या देखरेखीखाली वर्ध्याजवळच्या सेवाग्रामात जी शाळा चालली, तीत सफाई आणि स्वयंपाकघरातले काम हे मुलगा-मुलगी असा भेद न करता सर्वांच्या वाट्यास येई. तरीही कागदोपत्री आराखड्यात वरच्या इयत्तांतील मुलींना मूलोद्योगाऐवजी गृहशास्त्राचा विशेष अभ्यास घेण्याची मुभा होतीच. इतकी ती जुनी सीमारेषा खोल गेली होती.

स्वातंत्र्यानंतर माध्यमिक शिक्षणासाठी नेमलेल्या मुदलियार आयोगाने 1952-53 साली बहुउद्देशीय माध्यमिक शाळांची शिफारस केली, तेव्हा विषयांच्या सात गटांत गृहविज्ञान हा एक गट ठेविला. गट ऐच्छिक होता. पण तो मुलींचा गट, ही समजूत शाळाशाळांतून रूढ झाली. या समजुतीस सर्वांत अधिकारवाणीने विरोध केला तो हंसाबेन मेहता यांनी. 1948 च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात केवळ पुरुषवाचक शब्द असू नये म्हणून आग्रह धरणाऱ्या आणि बडोद्याच्या विद्यापीठाच्या कुलगुरू असताना तेथे गृहविज्ञानाची विद्याशाखा उभारणाऱ्या या विदुषीच्या समितीने 1964 साली असे मत दिले, की मुलामुलींच्या अभ्यासक्रमात भेद करू नये आणि घराविषयीचे शिक्षण द्यावयाचे तर ते दोघांसही द्यावे. कोठारी शिक्षण आयोगाने 1966 च्या अहवालात हा विषय मुलींवर सक्तीचा करू नये असे सांगितले आणि सर्व विद्यार्थ्यांसाठी कार्यानुभवाचा पुरस्कार केला. कार्यानुभवाचा तास वेळापत्रकात आला खरा. परंतु त्याचे गुण परीक्षेत क्वचितच मोजले गेले, आणि जे परीक्षेत मोजले जात नाही ते आमच्या शाळांत उरत नाही.

या उपेक्षेत एक अपवाद उजळून दिसतो. अन्नतंत्रज्ञानातील नामवंत संशोधक डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी नोकरी सोडून 1983 साली पुणे जिल्ह्यातील पाबळ या कोरडवाहू गावी विज्ञान आश्रम काढला आणि आठवी ते दहावीच्या ग्रामीण विद्यार्थ्यांसाठी मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम सिद्ध केला. अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, आणि गृह व आरोग्य असे त्याचे चार विभाग. आठवड्यातला एक दिवस त्यासाठी राखलेला. आणि चारही विभाग प्रत्येक विद्यार्थ्यास आवश्यक. वेल्डिंगची जोडणी मुलीने करावयाची, शिवणयंत्रावर मुलाने बसावयाचे, रक्तातील हिमोग्लोबिन दोघांनीही तपासावयाचे, आणि गावाला लागणारी अशी छोटी कामे मोबदला घेऊन करून द्यावयाची. महाराष्ट्राच्या माध्यमिक शिक्षण मंडळाने या अभ्यासक्रमास मान्यता दिली. आगरकरांचे एकत्र शिक्षण, जोतीरावांचे नमुन्याचे शेत आणि सेवाग्रामचे श्रमदान या तीन धारा पाबळच्या कार्यशाळेत प्रथमच एका वेळापत्रकात आल्या, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

आता नार्नूरकडे वळू. भाषावार राज्ये झाल्यावर या भागातील शाळा तेलुगूकडे वळल्या आणि देवनागरीतील गोंडी पुस्तके मागे पडली. मुलाने आपल्या भाषेत आधी शिकावे हा मार्लवाईचा मूळ सिद्धान्तच त्यामुळे विस्मृतीत गेला. आश्रमशाळा पुष्कळ निघाल्या, ही मोठीच जमेची बाजू. परंतु घरापासून दूर वसतिगृहात राहणाऱ्या मुलाला घरच्या विद्येचा वारसा मिळण्याची वाट अरुंद झाली, आणि ती पोकळी भरून काढण्याची शाळेची जबाबदारी अधिकच वाढली. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार यांच्याजवळ शिकावे असे सुचविले आहे. नार्नूरसारख्या गावात या दहा दिवसांचे सोने करता येईल. कापूस विकताना वजनकाट्यावर काय पाहावे आणि पावतीत काय लिहिलेले असावे. कर्जावरील व्याज वर्षाअखेर किती होते. ज्वारी, तूर आणि मोहफूल यांनी वाढत्या मुलीच्या अंगी रक्त कसे भरते. विहिरीचे पाणी पिण्यास योग्य कसे करावे. हे सर्व विषय त्या वर्गाचे आहेत आणि ते शिकवणारी माणसे, त्यांत म्हाताऱ्या गोंड स्त्रियाही आल्या, गावातच आहेत.

या वर्गात जमिनीच्या कायद्याचा एक पाठ अवश्य असावा. हैदराबाद सरकारने 1359 फसलीत, म्हणजे 1949 साली, आदिवासी क्षेत्राविषयी विनियम केला. पुढे 1959 चा अनुसूचित क्षेत्रातील जमीन हस्तांतरणाचा विनियम आणि 1970 साली त्यात झालेली दुरुस्ती यांनी या क्षेत्रातील जमीन बिगर-आदिवासीच्या नावे करण्यास मनाई केली. हे संरक्षण कागदावर भक्कम आहे. पण ज्याच्यासाठी ते आहे त्याला ते ठाऊक नसेल, तर 1940 पूर्वीच्या स्थितीत आणि आजच्या स्थितीत फरक केवळ कायद्याच्या पुस्तकात राहील. आणि 2006 च्या वनहक्क कायद्याने तर याहून पुढचे पाऊल टाकले आहे: विवाहित दावेदाराचा वनहक्काचा पट्टा पती आणि पत्नी या दोघांच्या संयुक्त नावाने नोंदवला पाहिजे, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. मुलीने चूल सांभाळावी आणि मुलाने शेत व दफ्तर पाहावे, या विभागणीवर गृहशिक्षणाची जी इमारत 1884 पासून उभी राहत आली, तिचा पाया या एका कलमाने काढून घेतला आहे. पट्ट्यावर जर दोघांची नावे आहेत, तर तो वाचण्याची, त्या जमिनीचा हिशेब ठेवण्याची, त्या जमिनीतले अन्न रांधण्याची आणि त्या घरातील आजाऱ्याची शुश्रूषा करण्याची विद्याही दोघांची आहे. आणि नार्नूरच्या माध्यमिक शाळेत ती मुलगा व मुलगी यांना एकाच बाकावर, एकाच तासाला आणि आरंभी तरी त्यांच्या घरच्या भाषेत शिकविली जावी, ही मागणी मी या इतिहासाच्या आधारे पूर्ण विचारांती करीत आहे.